आपल्या सेंट्रिफ्यूजवर पांढऱ्या पेशींची पिशवी बनेल का?

नाशिक जिल्ह्यातल्या एका लहान रक्तपेढीतल्या तंत्रज्ञांचा प्रश्न थोडक्यात असा आहे: आमच्याकडे रेफ्रिजरेटेड सेंट्रिफ्यूज (रक्ताची पिशवी थंड ठेवून गरगर फिरवणारं यंत्र) आहे आणि शिबिरातल्या पिशव्यांपासून लाल पेशी, प्लाझ्मा, प्लेटलेट आम्ही नेहमी करतो. शहरातल्या कर्करोगतज्ज्ञांनी ७ वर्षांच्या, २० किलो वजनाच्या मुलासाठी ग्रॅन्युलोसाइट (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) मागितले आहेत. रक्ताचा कर्करोग आहे, केमो झाली आहे, न्यूट्रोफिल (ग्रॅन्युलोसाइटमधला मुख्य प्रकार) शंभरच्याही खाली गेलेत, रक्तात जंतू सापडलेत आणि अँटिबायोटिक चालू असूनही ताप उतरत नाही. अफेरेसिसचं (दात्याच्या रक्तातून हवा तो घटक काढून बाकीचं परत देणारं) यंत्र दुसरीकडे आहे आणि त्याचा किट महाग पडतो. मग आमच्याच सेंट्रिफ्यूजवर बफी कोट (प्लाझ्मा आणि लाल पेशींमधला पांढऱ्या पेशींचा थर) काढून ते एकत्र केले तर चालेल का? आरपीएम, म्हणजे मिनिटाला फेरे, किती लावायचा?

आधी सरळ उत्तर देतो. या मुलासाठी तुमच्या सेंट्रिफ्यूजवर पुरेशी मात्रा निघणार नाही, आरपीएम कितीही लावा. पेशी वेगळ्या होत नाहीत म्हणून नव्हे. पिशवीत मुळात त्या असतातच थोड्या. आधी हिशोब मांडू, म्हणजे बाकीचं बोलणं सोपं जाईल.

निरोगी दात्याच्या रक्तात एका मायक्रोलिटरमागे साधारण ४,००० न्यूट्रोफिल धरा. शिबिरात आपण बहुतेक ३५० मिलिच्या पिशव्या घेतो, म्हणजे एका पिशवीत १४० कोटी न्यूट्रोफिल आले. ४५० मिलिची पिशवी असेल तर १८० कोटी. बफी कोट काढताना यातले निम्मे हाती लागले तरी हात चांगला बसलाय म्हणायचं, कारण बाकीचे लाल पेशींत अडकून राहतात. म्हणजे पिशवीमागे ७० ते ९० कोटी. आता गरज पाहा. ग्रॅन्युलोसाइटची मात्रा वजनामागे ठरते आणि किलोला किमान ६० कोटी हा आकडा आजकाल तळाची रेघ मानला जातो. २० किलोच्या मुलाला झाले १,२०० कोटी. म्हणजे एका दिवसासाठी तुम्हाला जुळत्या गटाच्या, त्याच दिवशी घेतलेल्या १४ ते १८ पिशव्या लागतील. उद्या पुन्हा तितक्याच आणि परवा पुन्हा. निरोगी माणसाची अस्थिमज्जा दिवसाला सुमारे १०,००० कोटी न्यूट्रोफिल तयार करते. त्यापुढे आपली मात्रा कुठे बसते तेही यावरून कळेल.

बफी कोट एकत्र करायची पद्धत जगात नाहीच असं मी म्हणत नाही. इंग्लंडमध्ये १० दात्यांचे बफी कोट एकत्र करून त्याची पिशवी बनवतात आणि तिच्यात सुमारे १,००० कोटी ग्रॅन्युलोसाइट असतात. पण ती व्यवस्था देशभरच्या एकाच रक्तसेवेवर उभी आहे. तिथे रोज शेकडो पिशव्या एका छताखाली येतात, त्यातल्या अनेक बफी कोट पद्धतीने हाताळल्या जातात आणि तपासणीचे निकाल वेळेत मिळतात. आपल्याकडे एकाच दिवशी एका गटाचे १५ ताजे दाते, सगळ्यांचे एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिस आणि मलेरियाचे निकाल दुपारपर्यंत हातात, हे जुळवून आणणं कठीण. शिवाय मुलाच्या अंगात रोज १५ अनोळखी माणसांच्या एचएलए खुणा (पेशींची ओळख पटवणारी प्रथिनं) जाणार. उद्या त्याला प्लेटलेट द्यायची वेळ आली की त्या टिकेनाशा होतात. तुमच्या परवान्याच्या यादीत हा घटक आहे का, तेही बघून घ्या. बहुतेक लहान पेढ्यांच्या यादीत तो नसतो. नसेल तर चर्चा तिथेच संपली.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही. तुम्ही प्लेटलेट कोणत्या पद्धतीने काढता? आपल्याकडे बऱ्याच पेढ्या पीआरपी पद्धत वापरतात. आधी हलका स्पिन देऊन प्लेटलेटयुक्त प्लाझ्मा वर काढायचा आणि मग त्याला जोरात फिरवून प्लेटलेट खाली बसवायच्या. या पद्धतीत पांढऱ्या पेशी पहिल्याच टप्प्यात लाल पेशींच्या पिशवीत राहतात आणि तिथून त्या नीट काढता येत नाहीत. बफी कोट पद्धतीत उलट असतं. पहिलाच स्पिन जोरात द्यायचा, वरून प्लाझ्मा आणि खालून लाल पेशी काढून घ्यायच्या आणि मधला थर मूळ पिशवीत ठेवायचा. त्यासाठी वर-खाली दोन्हीकडे नळ्या असलेल्या पिशव्या लागतात. तुमच्याकडे पीआरपीच्या पिशव्या असतील, तर तुमचा प्रश्न आरपीएमपर्यंत पोचतच नाही.

तरी आरपीएमबद्दल बोलतोच, कारण हा प्रश्न मला फार विचारला जातो आणि त्यात एक गफलत कायम असते. पेशी आरपीएमने वेगळ्या होत नाहीत, त्यांच्यावर किती जी बल (गुरुत्वाकर्षणाच्या कितीपट ओढ) पडतं त्याने होतात. सूत्र साधं आहे: ०.००००१११८ गुणिले सेंटिमीटरमधली त्रिज्या गुणिले आरपीएमचा वर्ग. त्रिज्या रोटरच्या मध्यापासून कपाच्या तळापर्यंत मोजायची. ३,००० आरपीएमला २० सेंमी त्रिज्येच्या सेंट्रिफ्यूजवर सुमारे २,००० जी पडतात आणि २५ सेंमीच्या सेंट्रिफ्यूजवर २,५०० च्या वर. त्यामुळे शेजारच्या पेढीतून आरपीएम विचारून तो आपल्या सेंट्रिफ्यूजवर लावणं म्हणजे अंदाजपंचे काम. स्पिन कार्डावर जी, मिनिटं आणि तापमान या तिन्ही गोष्टी लिहा. समोरासमोरचे कप तराजूवर जुळवून घ्या आणि थांबताना ब्रेक हलका ठेवा. थर छान बसतात आणि झटक्याने थांबवल्यावर वरचा इंचभर पुन्हा ढवळून निघतो, हे मी अनेक ठिकाणी पाहिलंय.

आता पिशवीत काय होतं ते बघू. प्लाझ्माची घनता १.०२५ च्या आसपास असते. त्याच्याखाली प्लेटलेट, १.०४ ते १.०६. मग लिम्फोसाइट आणि मोनोसाइट या दुसऱ्या पांढऱ्या पेशी, १.०६ ते १.०७. मग ग्रॅन्युलोसाइट, १.०८ ते १.०९. शेवटी लाल पेशी, १.०९ ते १.१०. शेवटच्या दोघांमध्ये अंतर जवळपास नाही. तरुण लाल पेशी जरा हलक्या असतात आणि पिकलेले न्यूट्रोफिल जरा जड. त्यामुळे दोघांची सीमा एकमेकांत मिसळलेली असते. जी वाढवलं तर सगळेच लवकर खाली जातात, पण त्यांचा क्रम तोच राहतो. प्लेटलेट वेगळ्या करणं सोपं आहे आणि ग्रॅन्युलोसाइट वेगळे करणं अवघड, हे त्या दुसऱ्या दशांशामुळे.

यावर तोडगा म्हणून अफेरेसिसच्या वेळी एचईएस, म्हणजे हायड्रॉक्सीएथिल स्टार्च वापरतात. घनता बदलता येत नसेल तर आकार बदलायचा. द्रवात कण किती वेगाने खाली बसतो हे घनतेच्या फरकावर अवलंबून असतंच, पण व्यासाच्या वर्गावरही असतं. स्टार्चमुळे लाल पेशी एकावर एक रचून लांब माळा बनवतात. ईएसआर वाढलेल्या रक्ताची स्लाइड तुम्ही पाहिली असेल, अगदी तसंच. माळेतली पेशी एकटीपेक्षा कितीतरी लवकर बसते. ग्रॅन्युलोसाइट मात्र सुटेच राहतात, म्हणून मागे पडतात आणि सीमा उघडी होते. मोठ्या रेणूभाराचा स्टार्च हे काम चांगलं करतो. हल्ली सहज मिळणारा लहान रेणूंचा स्टार्च या कामात कमी पडतो, त्यामुळे कोणता मागवताय ते बाटलीवर वाचून घ्या. अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०१३ मध्ये एचईएसवर कडक इशारा छापायला लावला, तो मुख्यतः अतिदक्षता विभागातल्या रुग्णांच्या मृत्यूबाबत आणि किडनीबाबत होता. दाता निरोगी असतो आणि त्याला साधारण अर्धा लिटर जातो, पण त्यालाही सूज, खाज, ॲलर्जी किंवा हृदयावर ताण येऊ शकतो. हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असलेला दाता इथे चालत नाही.

अफेरेसिसच्या यंत्रात नेमकं काय घडतं? डेअरीत दूध सेपरेटरमधून सोडतात तसंच. सगळं दूध भरून, फिरवून, थांबवून साय काढत नाहीत. दूध सतत येत राहतं, एका तोंडातून साय बाहेर पडते आणि दुसऱ्यातून बाकीचं दूध. अफेरेसिसमध्ये दात्याच्या एका हातातून रक्त येतं, गोठू न देणारं सायट्रेट मिसळून फिरत्या पट्ट्यात जातं, थर लागतात, हवा तो थर पिशवीत जातो आणि उरलेलं सगळं दुसऱ्या हातातून परत जातं. त्यामुळे ३५० मिलिवर अडून राहावं लागत नाही. दोन ते चार तासांत ७ ते १० लिटर रक्त त्या पट्ट्यातून फिरतं आणि दात्याच्या अंगातून एका वेळी थोडंसंच बाहेर असतं. नळ्या पिळून कशा जात नाहीत, असं शिकाऊ मुलं विचारतात. नळीचा वळसा रोटरच्या निम्म्या वेगाने फिरवला की पीळ आपोआप सुटत राहतो. हे एकदा हाताने दोरी घेऊन करून बघा, मजा येते.

या यंत्राची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे. १९६२ मध्ये आयबीएममधले अभियंते जॉर्ज जडसन यांच्या मुलाला क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग झाला. ते अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत डॉ. एमिल फ्रायराइख यांच्याकडे गेले आणि दोघांनी मिळून सतत चालणारा पेशी-विभाजक उभा केला. फ्रायराइख यांच्या गटाने त्या काळात पांढऱ्या पेशी कुठून घेतल्या असतील? त्याच क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाच्या रुग्णांकडून, कारण त्यांच्या रक्तात त्या लाखांनी असायच्या. आज ते करायला कोणी धजावणार नाही, पण मात्रा पुरेशी असली तर ताप उतरतो हे त्यांना त्यातून कळलं. नंतरच्या वीस वर्षांत लोक निरोगी दात्यांकडून, औषध न देता, तुटपुंज्या मात्रा देत राहिले आणि उपचार बदनाम झाला.

यंत्रावर प्लेटलेट काढायची सवय असलेले लोक इथे एक गोष्ट हमखास विसरतात. प्लेटलेट काढताना नळीत लाल रंग दिसला की चुकलं, हे आपल्या हाडीमासी मुरलेलं असतं. ग्रॅन्युलोसाइटच्या वेळी मुद्दाम थोडं लाल घ्यावं लागतं, कारण ते लाल पेशींच्या माथ्यावरच बसलेले असतात. स्वच्छ, फिकी, दिसायला सुंदर पिशवी निघाली तर ती बहुधा लिम्फोसाइटची असते. पिशवी गडद असायला हवी. तिच्यात लाल पेशी असतात म्हणूनच एबीओ गट जुळलेला आणि क्रॉसमॅच (दात्याचं आणि रुग्णाचं रक्त जुळवून पाहणं) झालेला हवा, ही गोष्ट प्लेटलेटइतकी सैल धरायची नाही.

दात्याला औषध दिल्याशिवाय यंत्रही पुरत नाही. साध्या दात्याचं ७ लिटर रक्त फिरवलं तर त्यात २,८०० कोटी न्यूट्रोफिल असतात. त्यातले तिसरा हिस्सा हाती आले, तर हजार कोटींच्या आसपास मिळतात, म्हणजे या मुलालाही कमीच. म्हणून आदल्या रात्री मज्जेतून न्यूट्रोफिल बाहेर आणणाऱ्या जी-सीएसएफचं इंजेक्शन, साधारण किलोला ५ मायक्रोग्रॅम, आणि ८ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची गोळी देतात. बारा तासांत न्यूट्रोफिल २५ ते ४० हजारांवर जातात. तेच ७ लिटर, ३०,००० च्या दराने, म्हणजे २१,००० कोटी. तिसरा हिस्सा ७,००० कोटी. इतक्यात मोठ्या माणसालाही भरपूर होतं. आपल्या मुलाला तर एका दात्याची पिशवी पुरून उरेल.

पण थांबा. इथे आपण एका धडधाकट माणसाला दुसऱ्यासाठी औषध देतोय. ही साधी गोष्ट नाही आणि तिची संमती रक्तदानाच्या नेहमीच्या अर्जावर घेता येत नाही. वेगळी, समजावून, मराठीत लिहिलेली हवी. जी-सीएसएफने कंबर आणि हाडं दुखतात, डोकं धरतं, एक-दोन दिवस अंग मोडून येतं. पॅरासिटामॉल पुरतं. प्लीहा थोडी फुगते. ती फुटल्याच्या घटना फार विरळ आहेत, पण आहेत. म्हणून दात्याला आठवडाभर कबड्डी, कुस्ती, जड पोती उचलणं बंद. मार्केट यार्डात हमाली करणारा दाता असेल तर हे आधीच बोलून घ्या, नाहीतर तो दुसऱ्या दिवशी कामावर जाणारच. स्टेरॉइडमुळे साखर वर जाते आणि रात्री झोप लागत नाही. मधुमेह, अल्सर, काचबिंदू, जुना क्षयरोग असला तर तो दाता नको.

आपल्या जिल्ह्यासाठी आणखी एक गोष्ट, जी परदेशी मार्गदर्शकात शेवटच्या ओळीत असते आणि आपल्याकडे पहिल्या ओळीत हवी. सुरगाणा, पेठ, कळवण या पट्ट्यातल्या आदिवासी समाजात सिकलसेल आढळतो. सिकलचा आजार असलेल्या माणसाला जी-सीएसएफ दिल्याने गंभीर क्रायसिस आल्याची, मृत्यू झाल्याचीही नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. सौम्य रुग्णाचं निदान झालेलंच नसतं आणि तो स्वतःला निरोगीच समजत असतो. त्यामुळे त्या भागातला किंवा घराण्यात सिकल असलेला दाता आला तर आधी सोल्युबिलिटी टेस्ट, शंका आली तर हिमोग्लोबिनची एचपीएलसी तपासणी. वाहकांना चालतं का, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. मी त्यांना नम्रपणे घरी पाठवतो आणि पुढच्या वेळी साधं रक्तदान करायला सांगतो. ते सांगताना त्यांना दोषी वाटू नये, इतकी काळजी घ्या.

दाता कोण असावा? घरातले पुढे येतातच. मामा, काका, चुलतभाऊ सगळे दारात उभे राहतात आणि त्यांना नाही म्हणणं कठीण असतं. पण मुलाची अस्थिमज्जा बदलायचा विचार असेल तर रक्ताच्या नात्यातल्यांना टाळा. त्यांच्या एचएलएविरुद्ध मुलाच्या अंगात प्रतिपिंडं तयार झाली तर पुढे तेच दाते निकामी ठरतात. सख्ख्या बहीण-भावाला तर हातही लावू नका. वडिलांचे सातपूर-अंबडच्या कंपनीतले सहकारी, गल्लीतले मित्र, गणेश मंडळातली पोरं बरी. गट जुळणारे, ५० किलोच्या वर वजन, हिमोग्लोबिन १२.५ च्या वर आणि दोन्ही कोपरांत बोटाला लागतील अशा शिरा. मागे एकाने शिफारस केलेला दाता पहिलवान होता आणि शिरा मात्र कुठेच सापडेनात. चार-पाच जण एकदम तपासून ठेवा, कारण रोज नवा दाता लागेल. पैसे घेऊन रक्त देणारा कोणी मध्येच टपकला तर सरळ बाहेर काढा. १ जानेवारी १९९८ पासून ते बंद आहे.

यंत्रावर असताना दात्याच्या ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात. सायट्रेट रक्तातलं कॅल्शियम बांधून ठेवतं, त्याचा हा परिणाम. वेग कमी करा, कॅल्शियमची गोळी चघळायला द्या. ग्रॅन्युलोसाइटचं सत्र लांब असल्याने हा त्रास प्लेटलेटपेक्षा जास्त होतो.

पिशवी हाती आली की घड्याळ सुरू होतं. २० ते २४ अंश तापमान, फ्रिज नाही आणि ॲजिटेटरही नाही. प्लेटलेटच्या शेजारी हलत्या फळीवर ठेवायची सवय आवरा, ही पिशवी स्थिर राहिली पाहिजे. नियमाने २४ तास चालते, पण मला विचाराल तर सहा-आठ तासांच्या पुढची पिशवी मी नाइलाजानेच देतो. या पेशींचं रक्तातलं अर्धायुष्यच सुमारे सात तासांचं.

मग विकिरण, म्हणजे पिशवीवर किरणांचा मारा. मात्रा २५ ग्रे. याला पर्याय नाही. पिशवीत जिवंत लिम्फोसाइट भरपूर असतात आणि मुलाची प्रतिकारशक्ती शून्यावर असते. त्या लिम्फोसाइटनी मुलाच्याच अंगावर हल्ला केला तर त्या आजारातून क्वचितच कोणी वाचतं, आणि दाता नात्यातला असला की तो धोका आणखी वाढतो. रक्त विकिरणाचं खास यंत्र नसलं तरी रेडिओथेरपीच्या लिनॅकवर हे करता येतं. पण भौतिकतज्ज्ञाशी आदल्या दिवशी बोलून वेळ ठरवा. रुग्णांच्या रांगेत मध्येच पिशवी घेऊन उभं राहिलं की दुपार जाते, आणि नाशिकच्या मुंबई नाक्यावर किंवा द्वारका चौकात गाडी अडकली तर संध्याकाळही.

वॉर्डात एक चूक इतकी सहज होते की मी पिशवीवर लाल अक्षरात चिठ्ठी लावतो: पांढऱ्या पेशींचा फिल्टर लावू नये. कर्करोग वॉर्डातल्या सिस्टर सवयीने प्रत्येक रक्तपिशवीला ल्युकोफिल्टर लावतात, आणि ते योग्यच असतं. फक्त या एका पिशवीत तो लावला की दात्याची रात्र, इंजेक्शन, चार तास, सगळं फिल्टरमध्ये अडकून कचऱ्यात जातं. साधा १७० ते २०० मायक्रॉनचा सेट लावायचा. एक-दोन तासांत सावकाश द्यायचं, ऑक्सिजनवर नजर ठेवायची. थंडी वाजून ताप येणं नेहमीचंच आहे. दुसरी गोष्ट अँफोटेरिसिनची. बुरशीच्या संसर्गावर अशा मुलांना तेच चालू असतं, आणि १९८१ मध्ये अमेरिकेतून दोन्ही एकत्र दिल्यावर फुप्फुसाच्या गंभीर त्रासाच्या नोंदी आल्या. दोघांमध्ये चार ते सहा तासांचं अंतर ठेवायला डॉक्टरांना आठवण करा. ही आठवण करणं रक्तपेढीचं काम नाही असं कोणी म्हणालं तर हसून करा.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. या सगळ्याचा उपयोग होतो का? अमेरिकेत रिंग नावाचा मोठा अभ्यास झाला आणि २०१५ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. ११४ रुग्णांत पिशवी मिळालेल्या गटात ४२ टक्के आणि न मिळालेल्या गटात ४३ टक्के लोकांना यश आलं. म्हणजे काही फरक नाही. पण अभ्यासाला हवे होते त्याच्या जेमतेम निम्मेच रुग्ण मिळाले आणि ज्यांना किलोला ६० कोटींहून जास्त मात्रा मिळाली त्यांचं कमी मात्रा मिळालेल्यांपेक्षा बरं झालं. यावरून काहीजण म्हणतात की उपचार निरुपयोगी आहे. माझं मत वेगळं आहे. अपुरी मात्रा निरुपयोगी आहे, हे त्यातून अधिक स्पष्ट दिसतं. म्हणून मी अर्ध्या मात्रेच्या पिशव्यांना ठाम विरोध करतो. त्यात दात्यांचा धोका पूर्ण असतो, प्रतिपिंडं पूर्ण तयार होतात, ताप-थंडी पूर्ण येते आणि फायदा मात्र नसतो. देणार असाल तर पूर्ण मात्रा, रोज, सलग. नसेल जमत तर सुरूच करू नका आणि तो पैसा चांगल्या अँटिबायोटिकला आणि अतिदक्षतेला लावा.

तुमच्या या मुलाबद्दल म्हणाल तर तुम्ही लिहिलेल्या गोष्टींवरून तो निकषात बसतो. न्यूट्रोफिल ५०० च्या खाली, सिद्ध झालेला संसर्ग, औषधाला प्रतिसाद नाही. पण चौथी अट तुम्ही लिहिलेली नाही आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. मुलाची स्वतःची मज्जा येत्या काही दिवसांत जागी होणार आहे का? ग्रॅन्युलोसाइट ही तेवढ्या दिवसांची सोय आहे. मज्जा परत येण्याची शक्यताच नसेल तर किती दिवस रोज एक दाता झोपवणार?

याच्या उलट टोकाची मागणीही आपल्याकडे येते. पाऊस ओसरला की नाशकात डेंग्यू येतो आणि दर दोन दिवसांनी कोणीतरी नातेवाईक "पांढऱ्या पेशी २,००० वर आल्या, पिशवी द्या" म्हणून धावत येतो. डेंग्यूत त्या घटतातच आणि आपोआप वर येतात. त्यासाठी ग्रॅन्युलोसाइट कधीच लागत नाहीत, आणि प्लेटलेटही रिपोर्टवर दिसतात तितक्या वेळा लागत नाहीत. त्यांना बसवून पाणी पाजा आणि लघवी किती होतेय ते विचारा.

तर आज संध्याकाळीच कर्करोगतज्ज्ञांना फोन करा. मज्जा कधी परतेल, प्रत्यारोपणाचा विचार आहे का, अँफोटेरिसिन किती वाजता चालतं, हे तीन प्रश्न विचारा. उत्तरं अनुकूल असतील तर अफेरेसिस असलेल्या केंद्राशी बोला आणि दाते तिकडे पाठवा. नमुने आजच घ्यायचे, म्हणजे रात्री नऊला इंजेक्शन, सकाळी नऊला यंत्र आणि दुपारी तीनपर्यंत पिशवी मुलाच्या खाटेजवळ. किट महाग आहे हे खरं, पण १५ पिशव्यांची तपासणी आणि त्यांतून वाया जाणारे घटक यांचा खर्च कागदावर मांडून बघा, फरक वाटतो तितका राहत नाही. तुमच्या सेंट्रिफ्यूजलाही त्या मुलासाठी काम आहेच. त्याला येते दोन आठवडे प्लेटलेट आणि लाल पेशी लागतील. त्या मात्र फिल्टर केलेल्या आणि विकिरण केलेल्या द्या, आणि त्यांच्या पिशव्यांवर ती लाल चिठ्ठी चुकूनही लागू देऊ नका.